आत्याची दुपारची बंदी

गावात आत्या म्हटलं की एकच. तशा आत्या घरोघरी आहेत, नाही असं नाही, पण नुसतं "आत्या आल्या" असं गल्लीत कोणी ओरडलं की बायका हातातलं काम टाकून बादल्या नळाखाली सरकवतात. गावच्या पाण्याची चावी तिच्याकडे असते. ती गावचीच लेक, गावातच दिलेली, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेइतकी उंच लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. गल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीत झाकण असतं, ते उचलायचं, दांडी आत सोडायची आणि अंगाचा सगळा भार टाकून फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. हे काम आधी तिचा नवरा करायचा. तो गेला आणि आता हे कोणी करायचं यावर गावच्या पाणीसमितीत बरीच चर्चा झाली. चर्चा चालूच होती, तोवर हिनं दांडी खांद्यावर टाकली आणि निघाली. "बाई माणसाचं काम नव्हे" असं कोणी म्हणायच्या आत वरच्या गल्लीला पाणी आलंसुद्धा.

आणि पाळी म्हणजे पाळी. मग तुम्ही अध्यक्ष असा नाहीतर अध्यक्षांचे साडू. तिच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं आणि नळ ठणठणीत कोरडा, कारण त्यांच्या गल्लीची पाळी दुसऱ्या दिवशीची. सगळे तिच्या मागे लागले, आत्या, आजच्या दिवस फिरवा की, कोण काय बोलणार आहे! खरंच कोणी काही बोललं नसतं. तिनं वरपक्षाच्या पाहुण्यांच्या हातात कळशा दिल्या आणि विहिरीची वाट दाखवली. नवी सून त्या घरात आली ती दारातल्या रिकाम्या कळशीला ठेचकाळून. सून हा किस्सा आता हसत सांगते. पहिली काही वर्षं रडत सांगायची.

तर अशा या बाईच्या हातात नेट आलं. कसं आलं तेही सांगायला हवं, कारण ते काही आपोआप आलं नाही. कंपनीची माणसं दोनदा येऊन बघून गेली होती. घरं कमी, चढउतार फार, आम्हाला परवडत नाही, म्हणाली आणि चहा पिऊन गेली ती गेलीच. मग शेजारच्या दोन गावांना बरोबर घेऊन समितीनं ठरवलं, की तिन्ही गावांचं मिळून एकच नेट आणायचं. कोणाच्या एकट्याच्या मालकीचं नको आणि कोणाला वगळूनही नको. तार आणायची तर चर हवा. पाण्याच्या पाइपाचा चर होताच, तोच पुन्हा उकरला. अख्खं गाव कुदळी घेऊन उतरलं होतं. मास्तरांच्या तळहातांना फोड आले, तर ते आठवडाभर येईल त्याला हात दाखवत होते. सलूनवाल्यानं दुकान बंद ठेवलं, त्यामुळे त्या दिवसांत खणणारी सगळी मंडळी दाढीवाली दिसत होती. पाण्याची टाकी उंचावर, म्हणून तिच्या डोक्यावर खांब उभा राहिला. तिथून दवाखान्याला, शाळेला, वाचनालयाला, मग घराघरांत आणि ओढ्यापलीकडच्या दोन्ही गावांत. ओढ्यापलीकडचं पार शेवटचं घर जोडलं गेलं त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचं आम्ही आणलं, हे म्हणताना अजूनही इथल्या माणसांची छाती फुगते, आणि का फुगू नये?

यंत्राचा डबा ठेवला पंपघरात, कारण तिथे वीज गेली तरी चालणारी बॅटरी होती आणि दाराला दणकट कुलूप होतं. कुलपाची किल्ली अर्थातच आत्याकडे. शहरातून आलेली सरकारी इंजिनिअर बाई तरुण होती, हसरी होती. तिनं आत्याला डबा दाखवला, दिवे दाखवले, बटण दाखवलं.

"हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे मला फोन. कुलूप तुमच्याकडे, म्हणजे आजपासून नेटही तुमच्याकडे, आत्या."

"तिन्ही गावांचं?"

"तिन्ही गावांचं."

आत्या त्या दिवशी घरी आली ती मान जरा ताठ करूनच. जेवताना दोनदा म्हणाली, "तिन्ही गावांचं."

पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. मग संध्याकाळच्या तक्रारी सुरू झाल्या. दिवे लागले की सगळं गाव एकदमच नेटवर. पोरांचा अभ्यास, सलूनवाल्याची मॅच, लांब नोकरीला गेलेल्या मुलांशी आयांचं बोलणं, सगळं त्या एकाच वेळेला. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. लोक तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? सवयीनं आत्याकडे.

"आत्या, जोर नाही हो आज."

जोर नाही म्हटल्यावर काय करायचं हे आत्याला कोणी शिकवायला नको होतं. दुपारी गाव शेतात असतं नाहीतर आडवं झालेलं असतं. शाळा सकाळची, दवाखानाही सकाळचा. अशा वेळी लाइन उघडी ठेवायची म्हणजे नळ वाहता सोडायचा. दुपारी बंद ठेवलं की टाकी भरते आणि संध्याकाळी जोरात येतं. तिनं जेवणानंतर जाऊन बटण बंद केलं आणि चहाच्या वेळेला चालू केलं.

आता हसू नका. मला या गोष्टीवर हसणाऱ्यांचा राग येतो. कारण त्या संध्याकाळी नेट खरोखर धो धो आलं. मॅच एकदाही अडकली नाही. सलूनवाला स्वतः येऊन सांगून गेला, "आत्या, तुमच्या हाताला गुण आहे." दुसऱ्या दिवशीही तेच. समितीच्या बैठकीत तिन्ही गावांनी एकमतानं ठरवलं, दुपारी नेट बंद. मास्तरांनीही मान डोलावली. शहाणीसुरती माणसं होती सगळी. डोळ्यांनी दिसत होतं ते नाकारणार कसं?

एकाच माणसाला ते पटलं नाही, आणि ते माणूस नेमकं आत्याच्या घरात होतं.

सुनेला नुकतीच नोकरी लागली होती. म्हणजे पुरती लागली नव्हती, बघून घेणार होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात फोन करणाऱ्या लोकांशी घरी बसून बोलायचं, काय होतंय ते विचारायचं, कोणत्या डॉक्टरांकडे कधी यायचं ते सांगायचं. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं होतं. आवाज गोड, बोलणं समजूतदार, तिच्यासाठीच बनलेलं काम. पण कामाची वेळ दुपारची.

पहिल्या दिवशी बंदीच्या वेळेला कोणा म्हाताऱ्या माणसाचा फोन मध्येच तुटला. सून धावत सासूकडे आली.

"आई, नेट साठत नसतं हो."

"कोणी सांगितलं?"

"मला माहीत आहे."

"तुला दुपारी हवंय म्हणून तुला माहीत आहे."

"मग इंजिनिअर बाईंना विचारा ना एकदा."

"सुनेच्या नोकरीसाठी मी सरकारी माणसाला फोन करू? आणि साठत नसेल तर संध्याकाळी एवढं येतं कुठून, ते सांग."

ते मात्र सुनेलाही सांगता येईना. तिथेच घोडं पेंड खात होतं. ती समितीकडे जाऊ शकली असती. मास्तरांशी तिचं चांगलं होतं. पण सासूच्या डोक्यावरून जायचं, चारचौघांत तिचा शब्द खोटा पाडायचा, हे तिच्याच्यानं होईना. रोज दुपारी ती छत्री घेऊन वरच्या रस्त्याच्या वळणावर जायची. तिथे मोबाइलला कसंबसं नेट मिळायचं. दगडावर बसून, उन्हात डोळे बारीक करून ती लोकांना डॉक्टरांच्या वेळा देत राहायची. वारा आला की हॉस्पिटलवाले म्हणायचे, मागे आवाज फार येतोय. ट्रॅक्टर गेला की तेच. शेवटी तिच्या वरच्या मॅडमनी साफ सांगितलं. अमुक दिवशी दुपारी मी स्वतः फोनवर असेन. घरच्या नेटवरून बोलायचं, मोबाइलवरून नाही. मागे आवाज नको आणि फोन तुटता कामा नये. त्यावर ठरेल काय ते.

मुलगा ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये कामाला. तो सहसा मध्ये पडत नाही. त्या रात्री जेवताना त्यानं हळूच विषय काढला. "तिची नोकरी इथून होत नसेल तर शहरात खोली बघतो. मला काम कुठेही मिळेल."

आत्याचा घास हातातच राहिला. म्हणजे मुलगा जाणार, सून जाणार, आणि जिच्या बडबडीनं घर भरून जातं ती नात जाणार. ताट घासताना भांडी रोजच्यापेक्षा जास्त वाजत होती.

तो दिवस उजाडला. सकाळी सून चहाचा कप घेऊन सासूपुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं असं काही मागितलं नव्हतं.

"आई, आजचा एक दिवस."

आत्यानं कप घेतला. खाली ठेवला. म्हणाली, "तिन्ही गावांनी ठरवलंय. त्यांच्या वाट्यातलं काढून मी माझ्या घरात कसं घालू? उद्या ओढ्यापलीकडच्या कोणी विचारलं तर काय तोंड दाखवू?"

सून आत गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटलं.

जेवणं झाली आणि आत्या पंपघरात गेली. तिनं बटण दाबलं. हिरवे दिवे विझले. मग ती तिथेच पायरीवर बसून राहिली. पाहुण्यांना कळशा देणारी बाई ही, पण आज तिला घरी जायचं धैर्य होईना.

तेवढ्यात खालून गाडी आली. इंजिनिअर बाई उतरली आणि जवळजवळ पळतच वर आली.

"आत्या, नेट गेलं का? आम्हाला तिकडून दिसतं, रोज दुपारी तुमची तिन्ही गावं काळी. वीज जाते म्हणावं तर बॅटरी आहे. शेवटी म्हटलं स्वतःच बघून येते."

"गेलं नाही. मी बंद केलंय," आत्या उठून उभी राहिली. "साठवायला."

इंजिनिअर बाई हसली नाही. तिचे मी यासाठी आभार मानतो. ती आत्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि ओढ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्या, नेट टाकीसारखं नसतं. त्या ओढ्यासारखं असतं. आत्ता वाहिलं ते वाहिलं. तुम्ही दुपारी वापरा नाहीतर नका वापरू, संध्याकाळचं पाणी संध्याकाळीच येणार."

आत्यानं ओढ्याकडे बघितलं.

"मग संध्याकाळी जोर यायचा तो?"

"डबा दिवसभर चालून तापतो, गोंधळतो. बंद करून चालू केला की ताजातवाना होतो. त्याला मिनिटभर पुरे. चहाच्या वेळेला एकदा बंद करा, लगेच चालू करा. बस."

"म्हणजे माझी सून खरं सांगत होती."

"काय सांगत होती?"

उत्तर द्यायला आत्या थांबली नाही. ती आत गेली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो काही लवकर जाईना. "होतं, होतं, थोडा वेळ लागतो," इंजिनिअर बाई मागून म्हणत होती. मग एकेक करत दिवे हिरवे झाले.

"झालं," इंजिनिअर बाई म्हणाली. आणि आत्याच्या चेहऱ्याकडे बघून जरा हळू आवाजात, "मी कोणाला काही बोलणार नाही हं. चालू राहिलं की लोक विसरून जातील."

आता इथे दुसरं कोणीही असतं तर हुश्श करून घरी गेलं असतं. मीही गेलो असतो, उगाच मोठेपणा कशाला सांगू. सुनेचं काम झालं, गावाला पत्ता नाही, आणखी काय हवं? पण आत्याला ते जमणारं नव्हतं. आपल्या शब्दावर तीन गावं रोज दुपारी नेटवाचून बसली. आणि आज नेमक्या सुनेच्या दिवशी गुपचूप चालू झालं, तर लोक म्हणतील आत्यानं घरच्यासाठी चावी फिरवली. दोन्ही गोष्टी तिला गिळता येण्यासारख्या नव्हत्या. पाण्याची वेळ बदलली की सांगायला पंपघरात माइक असतो आणि टाकीवर भोंगे. ओढ्यापलीकडेही ऐकू जातात. तिनं माइक ओढला आणि टिचकी मारली.

"आत्या बोलतेय. पाणी नेहमीच्या वेळेला येईल. आता नेटचं ऐका." झोपलेलं गाव कूस बदलून उठलं. "नेट साठत नाही. पाणी साठतं, नेट साठत नाही. दुपारी बंद ठेवत होते ती माझी चूक. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला आणि माझ्यामुळे तुमच्या दुपारी फुकट गेल्या. आजपासून नेट दुपारी बंद होणार नाही." भोंग्यातून तिचा श्वास ऐकू आला. "माझ्या सुनेनं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती बरोबर होती. मी तिचं ऐकलं नाही. संपलं."

माइक ठेवला तेव्हा तिला हलकं वाटलं, अगदी मोकळं. इंजिनिअर बाई तिच्याकडे बघतच राहिली होती. आणि मग एकदम आत्याच्या लक्षात आलं. मागे आवाज नको! मॅडम फोनवर असणार, आणि घर टाकीच्या बरोबर खाली!

"अगं बाई, काय केलं मी हे!"

गुडघे दुखतात म्हणून चार माणसांत हळू चालणारी ही बाई उतारावरून पळत सुटली. वाटेत सलूनवाला दारात उभा होता, काहीतरी म्हणालाही, ते तिच्या कानात शिरलंच नाही. नोकरी गेली. गेलीच. आपण आपल्या हातानं घालवली, तीही सगळ्या गावाला ऐकवून. घराच्या मागच्या बाजूला आली तेव्हा खिडकी उघडी होती आणि आतून सुनेचं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं, कारण ते हेडफोनमध्ये. आत्या भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली.

"नाही मॅडम, टीव्ही नव्हता. भोंगा होता. गावाचा."

पलीकडून पुढचा प्रश्न आला असावा.

"माझ्या सासूबाई बोलत होत्या."

आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"हो, नेटबद्दलच. आमच्याकडे नेट कंपनीचं नाही, मॅडम. तिन्ही गावांनी मिळून आणलंय, सगळ्यांचं आहे. ते माझ्या सासूबाई सांभाळतात." सुनेच्या आवाजात थरथर नव्हती. उलट जरा भावच खात होती ती. "हो, तिन्ही गावांचं. एकट्या."

पुन्हा प्रश्न, या वेळी लांबलचक असावा.

"नाही. आता दुपारी नाही जाणार." मग थोड्या वेळानं, "हमी? लेखी काही नाही माझ्याकडे, मॅडम. पण त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलंय. म्हणजे नाहीच जाणार. तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही. मी ओळखते."

आत्यानं पदर तोंडाशी धरला. तिला आयुष्यात लोकांनी खूप चांगलं म्हटलं होतं, तोंडावर आणि माघारी. पण जिला आपण उन्हात दगडावर बसवलं, त्या पोरीनं परक्या माणसापुढे आपला शब्द गहाण ठेवावा, याचा तिला जो अभिमान वाटला, तसा पूर्वी कशाचाच वाटला नव्हता.

"हो मॅडम," आतून आवाज आला. "कायम? हो. हो, आजपासूनच. थँक यू मॅडम."

खुर्ची सरकली. सुनेला खिडकीत सासूची सावली दिसली असावी, कारण ती उठून आली आणि बाहेर डोकावली. सासूचा श्वास अजून लागलेला, केस सुटलेले, पायात एकच चप्पल.

"आई, लागली नोकरी," सून म्हणाली.

आत्याला बोलायचं होतं, पण आत लॅपटॉपवर पुढचा फोन वाजायला लागला होता. "जा, जा, माणसं खोळंबलीत," एवढंच तिनं हातानं खुणावलं. सून पळत टेबलापाशी गेली, आणि भर दुपारी, उघड्या खिडकीतून, तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"नमस्कार, बोला आजोबा. काय होतंय तुम्हाला?"